गॅसचा ‘थोडा थोडा’ वास येतो, मग फोन करायचा की थांबायचं?



बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले की शेवटच्या दहा मिनिटांत खरी बोलणी निघतात. हल्ली त्या दहा मिनिटांत एक प्रश्न बऱ्याच गावांत ऐकायला मिळाला. “मॅडम, गॅसचा थोडा थोडा वास येतो. पण शेगडी चालतीय चांगली. सांगायचं का कुणाला?” आग लागली तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो या ‘थोडा थोडा’मध्ये. म्हणून आज फक्त त्याविषयी लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्या सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं रसायन अगदी थोडं, मुद्दाम मिसळतात. सडक्या कोबीसारखा, कुजक्या कांद्यासारखा तो वास त्याचा. घाण वास निवडलाय, कारण गॅस सुटला तर तुम्हाला कळावं. हवेच्या शंभर भागांत साधारण दोन भाग गॅस मिसळला की ठिणगी पडताच तो पेटू शकतो. वासाचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका गॅस असतानाच नाकाला समजावं. म्हणजे वास आला तेव्हा सहसा हातात थोडा वेळ असतो. तो वेळ “बघू, जाईल” म्हणण्यात घालवायचा नसतो.

दुसरी गोष्ट, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा कौलातून, पत्र्याच्या फटीतून वर निघून जात नाही. खाली बसतो. ओट्याखाली, मोरीत, पलंगाखाली, घरात पायरी उतरून खोली असेल तर तिथे साचतो. उभ्यानं स्वयंपाक करताना तुम्हाला हलका वास येत असेल तर खाली जमिनीवर, जिथे लेकरू खेळतंय किंवा सासूबाई अंथरुणावर पडल्यात, तिथे गॅस जास्त असू शकतो. ओट्याखाली दार लावून सिलेंडर ठेवायची पद्धत आलीय, दिसायला छान दिसतं. मला ती अजिबात आवडत नाही. ठेवायचंच असेल तर त्या दाराला खालच्या बाजूला हवा जायला जागा ठेवा.

आता ठरवायचं कसं?

दूध उतू गेलं आणि आच विझली. किंवा बटण फिरवलं पण लायटर पेटेना, दोन-चार वेळा खटखट केलं. अशा वेळी वास येणारच. इथे कारण तुमच्या डोळ्यासमोर आहे. बटण बंद करा, दार-खिडकी उघडा, वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा काही पेटवू नका. पाच-दहा मिनिटांत वास गेला आणि परत आला नाही, तर विषय संपला. कुणाला फोन करायची गरज नाही. सिलेंडर बदलताना रेग्युलेटर काढला की ‘फुस्स’ होऊन थोडा वास येतो, तोही याच प्रकारातला. पण रेग्युलेटर बसवून झाल्यावरही वास येत राहिला, तर तो या प्रकारातला नाही.

खरी अडचण परत परत येणाऱ्या वासाची. सकाळी उठल्यावर येतो, दार उघडलं की जातो. चार दिवस नसतो, मग पुन्हा येतो. असा वास आला की आपण त्याला कारणं शोधून देतो. मोरी तुंबली असेल, उंदीर मेला असेल, शेजारचा गोबरगॅस असेल, कांद्याच्या चाळीचा वास असेल. खरंही असू शकतं. गोबरगॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मर्कॅप्टनशी त्याची गल्लत सहज होते. म्हणून अंदाज बांधत बसू नका, तपासून बघा.

रात्री स्वयंपाक आटोपला की शेगडीची बटणं बंद करा आणि रेग्युलेटरही बंद करा. (ही सवय तशीही हवीच. बऱ्याच घरांत रेग्युलेटर बसवल्या दिवसापासून सिलेंडर संपेपर्यंत चालूच असतो.) सकाळी वास नाही, आणि रेग्युलेटर चालू केल्यावर थोड्या वेळानं येतो, तर गळती पाइपात किंवा शेगडीत असण्याची शक्यता जास्त. रेग्युलेटर रात्रभर बंद असूनही सकाळी वास आला, तर गळती सिलेंडरच्या तोंडाशी आहे असं समजा. सिलेंडरच्या तोंडात आत एक बारीक रबरी रिंग असते. ती झिजली, चिरली किंवा नीट बसली नाही की तिथून गॅस निसटतो. ते घरी दुरुस्त करायचं काम नाही. काहीही न पेटवता सरळ फोन करायचा.

पाइपाची शंका असेल तर साबणाच्या पाण्याचा फेस करून तपासता येतं. वास अगदी हलका असेल, दारं-खिडक्या उघडी असतील आणि घरात चूल, दिवा, उदबत्ती काहीच पेटलेलं नसेल, तरच हे करायचं. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर चालू. पाइपाच्या दोन्ही टोकांना, मधे जिथे तो वाकतो तिथे आणि रेग्युलेटरच्या जोडावर फेस लावा. बुडबुडे फुगायला लागले की गळती तिथेच. रेग्युलेटर बंद करा आणि फोन करा. काडी पेटवून गळती शोधायची, असं कोणी सांगितलं तर त्या माणसाला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नका, मग तो घरचा असो की शेगडी दुरुस्तीवाला.

बुडबुडे आले नाहीत म्हणून निश्चिंतही होऊ नका. माझा नियम सरळ आहे: कारण समजलं नाही आणि वास दुसऱ्यांदा आला, तर कळवायचं. तिसऱ्या वेळेची वाट बघायची नाही.

यात नाकाचा एक दोष ध्यानात ठेवा. एकच वास सारखा येत राहिला की नाक त्याला सरावतं आणि मग तो जाणवेनासा होतो. त्यामुळे “मघाशी येत होता, आता कमी झाला” हे आपलं आपण ठरवणं बरोबर नाही. सर्दी झालेल्या माणसाला, म्हाताऱ्या माणसांना वास कमी येतो. काहींचा कोरोनानंतर वास गेला, तो नीट परत आलाच नाही. म्हणून बाहेरून शेजारणीला बोलवा आणि दारातूनच विचारा, “काय वास येतोय का गं?” आधी काही सांगू नका, तिला स्वतः ओळखू द्या. तिला आला आणि तुम्हाला येत नसेल, तर तिचं खरं माना.

सिलेंडर संपत आला की वास वाढतो, असंही ताया सांगतात. त्यात तथ्य आहे. वासाचं रसायन गॅसच्या मानानं सावकाश उडतं, त्यामुळे ते तळाच्या उरलेल्या गॅसमध्ये जास्त राहतं. पण “संपत आलाय म्हणून येत असेल” हे रेग्युलेटर बंद ठेवून बघितल्याशिवाय म्हणू नका. आणि उरलासुरला गॅस निघावा म्हणून सिलेंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं हे तर बंदच करा.

आता वेगळी वेळ. शेतातून आलात, कुलूप उघडलं आणि भपकन वास आला. किंवा सुर्रर्र असा आवाज येतोय. किंवा डोकं जड झालं, मळमळतंय. इथे गळती कुठे आहे ते शोधत बसायचं नाही. दिव्याचं बटण चालू करायचं नाही, आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा बटणात बारीक ठिणगी पडते. पंख्याचं, मिक्सरचं, टीव्हीचं तसंच. फ्रिज आपोआप चालू-बंद होतो, तिथेही ठिणगी पडू शकते, म्हणून घरात रेंगाळू नका. लेकरं, म्हातारी माणसं आधी बाहेर. जाता जाता दारं-खिडक्या उघडता आल्या, रेग्युलेटरपर्यंत सहज हात पोचला तर तो बंद करा. नाही पोचला तर राहू द्या. वीज बंद करायचीच असेल तर मीटरचा खटका घराबाहेर असेल तरच. शेजारी चूल पेटलेली असेल तर त्यांनाही सांगा. मोबाईल बाहेर, घरापासून लांब आल्यावरच काढा. आग दिसली तर १०१ किंवा ११२ लावा, आणि तांब्या-कळशी घेऊन आत धावू नका.

गॅस गळतीसाठी नंबर आहे १९०६. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. इंडेन, भारतगॅस, एचपी, कनेक्शन कोणतंही असो, नंबर हाच. फोनवर काय बोलायचं या भीतीनंही काही जणी फोन करत नाहीत, म्हणून लिहून देते: “माझ्या घरात गॅसचा वास येतोय. रेग्युलेटर बंद केला तरी येतोय. गाव अमुक, तालुका अमुक, एजन्सी अमुक. ग्राहक क्रमांक हा.” एवढं पुरे. तक्रारीचा नंबर मागा आणि लिहून घ्या. मग एजन्सीलाही फोन करा. ग्राहक क्रमांक जवळ नसेल तरी फोन थांबवू नका.

आता मनातल्या अडचणीबद्दल बोलू. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे, मी कशी फोन करू? कोणीही करू शकतं, नाव कुणाचंही असो. मालक कामावर गेलेत, आल्यावर विचारते? गॅस कुणाची वाट बघत नाही. माणूस आला आणि काहीच निघालं नाही तर लोक हसतील? हसू देत. त्यांचा एक फेरा फुकट गेला तरी चालेल, त्याच कामासाठी ती माणसं आहेत. मला स्वतःला वाटतं, आपल्या बायका सगळ्यात जास्त अडतात त्या इथेच. त्यांना वास आलेला असतो, संशयही पक्का असतो. पण “उगाच बोभाटा नको” म्हणून गप्प बसतात. ज्या बाईला बँकेत जाऊन गटाच्या कर्जाचं बोलता येतं, तिला १९०६ वर दोन वाक्यं नक्की बोलता येतात.

गाव आडवळणाला असेल, रात्र झाली असेल तर माणूस यायला उशीर लागू शकतो. वास हलका असेल तर दारं-खिडक्या उघडल्यावर रेग्युलेटर काढून सिलेंडरच्या तोंडावर झाकण घट्ट बसवा. ते दोरीनं बांधलेलं झाकण त्यासाठीच असतं, पोरांना खेळायला देऊ नका. मग सिलेंडर उभाच धरून मोकळ्या जागेत नेऊन ठेवा. चुलीपासून, मोरीपासून, गटारापासून, गाडीपासून, गोठ्यापासून लांब. झाकण लावूनही सुरसुर ऐकू येत असेल तर त्याच्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका. वास पूर्ण गेल्याशिवाय त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, आणि देवापाशी दिवाही लावायचा नाही. एक दिवस देव समजून घेईल.

एक मुद्दा कागदाचा. गॅस कंपन्यांनी अपघातासाठी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मृत्यू झाला तर माणसामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद त्यात आहे. जखमींच्या औषधोपचारासाठी आणि घराच्या नुकसानीसाठी वेगळी रक्कम असते. पण अपघात झाला की एजन्सीला लगेच लेखी कळवावं लागतं, आणि घराचं नुकसान कनेक्शनवर नोंदलेल्या पत्त्यावरच धरलं जातं. सासरचं जुनं घर सोडून मळ्यात राहायला गेला असाल आणि पत्ता बदलला नसेल तर तो बदलून घ्या.

पाइप एजन्सीकडचाच घ्या, आत तारेची जाळी असलेला नारिंगी. तो ५ वर्षांनी बदलायचा, त्याआधी चिरला किंवा उंदरानं कुरतडला तर लगेच. बाजारातला स्वस्त रबरी पाइप तारेनं आवळून बसवलेला मी बऱ्याच घरांत बघते. साठ-सत्तर रुपये वाचवायची ती जागा नाही. सिलेंडर घेताना, आणणाऱ्याला सील दाखवायला, वजन करायला आणि तोंडाशी गळती तपासून द्यायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. तो घाईत असला तरी.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना गॅसचं पुस्तक सोबत आणा. पाइप कधी घेतला ते आठवून या, पाइपावर छापलेलं दिसत असेल तर ते बघून या. सगळ्यांचे ग्राहक क्रमांक आणि एजन्सीचे फोन गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवू. आणि ओट्याजवळच्या भिंतीवर १९०६ आजच लिहा, खडूनं, कोळशानं, कशानंही.