मृगापूर्वीं जीपला टप चढवितांना

उन्हाळ्यांत उघडें आणि पावसाळ्यांत झांकलेलें, अशीं दोन रूपें धारण करणारें वाहन म्हणजे जुनी जीप. वैशाखांत टप उतरविला म्हणजे पन्हाळ्याचा वारा अंगावर घेत फिरण्याचें सुख घरांतील लहानथोरांस मिळतें. परंतु जूनच्या ७-८ तारखेस मृग लागतो, आणि गगनबावड्याकडील पाऊस कोणाची गय करीत नाहीं. अशा वेळीं अडगळींतला टप काढून घाईघाईनें चढविण्याकडे पुष्कळांची प्रवृत्ति असते. ही घाई अंगाशीं कशी येते व ती टाळून काम कसें करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुळांत ही गाडी टपासाठीं जन्मलेलीच नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेंतील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीनें ती सैन्यासाठीं बनविली, तेव्हां तिच्यावर कापडी आच्छादन असे आणि पुढची कांच बॉनेटवर आडवी पाडतां येई. पुढें आपल्याकडे महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला. १९४५ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीचें मूळ नांव ‘महिंद्र अँड महंमद’. तें १९४८ सालीं बदललें. जीप घाटांत व ऊसाच्या वाटांवर रुळली, तसे कापडाच्या जोडीला पत्र्याचे आणि फायबरचे टप आले. तात्पर्य, टप हा मागाहून आलेला पाहुणा आहे. उतरविला कीं मूळ शरीराशीं त्याची जुळणी पुन्हा नव्यानें करावी लागते.

व्याकरणांत दोन वर्ण जेथें भेटतात त्यास संधि म्हणतात. टपाचें सारें मर्मही संधींतच आहे. पत्रा पत्र्यावर ठेवून पाणी अडत नाहीं. तें काम मधल्या रबरी पट्टीचें. म्हणून प्रथम जीपच्या कडेवरील जुनी, कडक झालेली पट्टी खरवडून काढावी. खालीं गंज दिसल्यास तारेच्या ब्रशानें घासून प्रायमर व रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळूं द्यावा. नंतर नवी पट्टी न ताणतां चिकटवावी. ताणलेली पट्टी कालांतरानें आखडते व टोकांशीं फट पडते. तिचा सांधा पुढें न आणतां मागच्या बाजूस ठेवावा; कारण चालत्या गाडीवर पावसाचा मारा समोरून होतो.

टप उचलण्यास चार माणसें असावींत, आणि शब्द मात्र एकाचाच चालावा. प्रत्येकानें आपापला सल्ला दिला म्हणजे बोटें चेंगरतात. मुलांनीं दूर उभें राहून पाहावें. कांच उभी करून तिच्या कड्या आधींच लावून घ्याव्या. टप सरळ खालीं टेकवावा. पट्टीवरून ओढूं नये.

आतां बोल्ट. सगळे बोल्ट प्रथम हातानेंच दोनतीन आटे फिरवून घ्यावे. एकही पूर्ण आवळूं नये. एका कोपऱ्यांतला बोल्ट आधीं घट्ट केला कीं समोरच्या कोपऱ्याचें भोक सरकलेंच. भोकें जुळत नसतील तर निमुळती सळई घालून टप हलकेच जाग्यावर आणावा. कानस चालवून भोक मोठें करण्याचा मोह टाळावा. तरीही जुळेना, तर बॉडीखालचे रबर दबले आहेत कीं काय, हें उद्यमनगरांतील जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावें. सर्व बोल्ट लागल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमानें थोडथोडे आवळावे. फायबरच्या टपाखालीं रुंद वायसर घालावे. अति आवळल्यास फायबर तडकतें.

परीक्षा पाण्यानेंच करावी. एकानें आंत बसावें, दुसऱ्यानें नळीचें पाणी खालून सुरू करून सावकाश वर न्यावें. एकदम वरून सोडल्यास गळती कोठली तें कळत नाहीं. आठवडाभर गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा पाहावे. नवें रबर बसतें आणि ते सैल होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट गळतीची नव्हे, धुराची आहे. उघड्या जीपमध्यें सायलेन्सर फुटका असला तरी वारा सारें उडवून नेतो. टप चढविल्यावर, विशेषतः मागचा भाग उघडा ठेवून पुढें बंद केला असतां, चालत्या गाडीमागचा धूर आंत ओढला जातो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखणें, ग्लानि येणें यांवरूनच तो ओळखूं येतो, आणि मागें बसलेल्या मुलांस तर झोपच आली असें वाटतें. म्हणून टप चढविण्यापूर्वीं सायलेन्सरचे सांधे व तळाच्या पत्र्याचीं भोकें अवश्य पाहावींत.

तसेंच, टप पाऊस अडवितो. गाडी उलटल्यास माणूस वांचवीलच असें नाहीं. त्याच्या भरंवशावर घाटांत वेग वाढवूं नये. आणि मूळच्या उघड्या जीपला नवाच टप करून घेणारांनीं आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीशीं विसंगत असा बदल करतां येत नाहीं.

हें सारें एका रविवारचें काम आहे. परंतु तो रविवार मृगाच्या अलीकडचा असावा.