काट्याची साक्ष

बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याने पूर्वेकडे दहाएक किलोमीटर गेले, म्हणजे सांबऱ्याची धावपट्टी लागते. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेल्या या तळावर आज वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र नांदते आहे, प्रवासी विमानांची नित्य ये-जा आहे, आणि होतकरू वैमानिकांना धडे देणारी छोटी विमानेही त्याच आकाशात घिरट्या घालीत असतात. शिवारातून मान वर करून पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या विमानाचे पंख दिसतात, यंत्राचा घोष ऐकू येतो. परंतु वैमानिकाचे प्राण ज्यांच्यावर अवलंबून असतात, त्या सुमारे आठ सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्या आणि त्यांवर फिरणारे काटे मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. उंची किती, वेग किती, विमान चढते आहे की उतरते आहे, या प्रश्नांवर, विशेषतः ढगांत सापडल्यावर, माणसाची स्वतःची इंद्रिये खोटी साक्ष देतात. म्हणून तेथे काट्याच्या साक्षीवाचून गत्यंतर नसते.

हे काटे आता परदेशांतून पुष्कळ स्वस्तात येऊ लागले आहेत. रीतसर प्रमाणित विमानात वाटेल ते उपकरण बसवता येत नाही. तेथे मान्य मानकाचा आणि अधिकृत दाखल्याचा कडक दंडक आहे. परंतु हौसेने स्वतःचे विमान बांधणाऱ्यांपुढे स्वस्ताईचा मोह खराखुरा उभा राहतो, आणि अमेरिकेत तर अशा घरी बांधलेल्या विमानांत मानकाचा शिक्का नसलेली उपकरणे लावण्यास मुभाही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले आणि २०१७ साली त्याची सरकारदप्तरी नोंद झाली, तेव्हापासून असे स्वप्न मराठी तरुणांच्याही आवाक्यातील वाटू लागले आहे. तेव्हा स्वस्त आणि परदेशी उपकरणावर विश्वास ठेवावा किंवा नाही, हे कशावरून ठरवावे, याचा विचार आपल्याकडेही व्हावयास हवा.

प्रथम उंची दाखवणारे उपकरण, म्हणजे अल्टिमीटर, घ्यावे. त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो, तो दहा हजार फुटांवर सुमारे ६९७ इतका उतरतो. बाहेरचा दाब जसजसा उतरतो, तसतशी ती डबी किंचित फुगते, आणि केसाएवढी ती हालचाल नाजूक दातेरी चक्रांनी वाढवून काट्यापर्यंत पोहोचवलेली असते. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. वैमानिक नियंत्रण मनोऱ्याकडून त्या वेळचा दाब विचारून घेतो, तो उपकरणाच्या छोट्या खिडकीत जुळवतो, आणि मग काट्याने धावपट्टीचीच उंची दाखवली पाहिजे. पाऊणशे फुटांहून अधिक तफावत आढळली, तर ते उपकरण संशयित मानण्याचा शिरस्ता आहे. ही बिनखर्चाची परीक्षा उत्तम आहे, परंतु ती एकाच बिंदूची परीक्षा आहे. अडीच हजारांवर खरे बोलणारा काटा आठ हजारांवरही खरेच बोलेल, याची हमी तिच्यातून मिळत नाही.

ती हमी कार्यशाळेतच मिळते. उपकरण निर्वात कोठीत ठेवून दाब पायरीपायरीने उतरवतात आणि प्रत्येक पायरीवर काट्याचे म्हणणे ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे समुद्रसपाटीवर २० फुटांपर्यंत आणि दहा हजार फुटांवर ८० फुटांपर्यंतच चूक क्षम्य आहे. अठरा हजार फुटांच्या दाबावर कोठी बंद करून एक मिनिट थांबले असता काटा १०० फुटांहून अधिक सरकता कामा नये, कारण तसे झाले तर उपकरणाच्या कवचातून हवा झिरपते आहे असे समजावे. याहून सूक्ष्म परीक्षा परतीच्या वाटेवर होते. चढताना आणि उतरताना त्याच दाबावर काट्याने जवळजवळ तेच सांगितले पाहिजे. हलक्या प्रतीची डबी आपल्या आधीच्या ताणाची आठवण सोडीत नाही आणि उतरताना मागे रेंगाळते. स्वस्त उपकरणातील काटकसर बहुधा याच ठिकाणी, म्हणजे धातूच्या प्रतीत आणि आसांच्या घडणीत, दडलेली असते. तबकडीवरचा चकचकीत रंग तिचा थांगपत्ता लागू देत नाही.

वेग दाखवणाऱ्या काट्याची परीक्षा त्याहून सोपी आहे. समोरून येणारी हवा एका नळीत शिरते आणि तिच्या दाबावरून वेग कळतो. शंभर नॉट वेगाला हा दाब पाण्याचा सुमारे साडेसोळा सेंटिमीटर स्तंभ तोलून धरतो, तर पन्नास नॉटांना केवळ चार सेंटिमीटरांच्या आसपास. कारण वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो. म्हणजे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर कोणाही विचारी माणसाला आपल्या उपकरणाची प्राथमिक खातरजमा करता येते. ती करताना कमी वेगाकडे अधिक बारकाईने पाहावे. दाब क्षीण असल्यामुळे हलके उपकरण तेथेच घसरते, आणि उतरण्याच्या वेळी विमान हवेतून निखळून पडण्याचे भयही त्याच कमी वेगात असते.

मेजावर उत्तीर्ण झालेल्या उपकरणाची खरी कसोटी काळ आणि हवामान घेतात. बेळगावचा पावसाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला दमट हवेत धातूचे आणि सांध्यांचे काय होते, हे सांगावे लागत नाही. त्यात भर म्हणजे कुंभारीण माशी. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर करणारा हा कीटक विमानाच्या वेगनळीतही तसेच घर करू शकतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ बिर्गेनएअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली, त्याच्या मुळाशी अशीच तुंबलेली नळी असावी, असे तपासणीचे अनुमान होते. कप्तानापुढचा काटा वेग वाढल्याचे सांगत होता, सहवैमानिकाचा काटा खरे सांगत होता. एकाच काट्यावर विसंबू नये, त्याचे म्हणणे दुसऱ्या स्वतंत्र साक्षीदाराशी पडताळावे, हा धडा स्वस्त आणि महाग दोन्ही उपकरणांना सारखाच लागू आहे.

उरला प्रश्न दाखल्याचा. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत वजनाचा काटा कोणत्या कारखान्याचा आहे यापेक्षा त्यावर वजनमापे निरीक्षकाचे चालू मुदतीचे मुद्रांकन आहे की नाही, हे पाहणे शेतकऱ्याच्या हिताचे असते. विमानाच्या उपकरणाचेही तसेच आहे. त्याचा अनुक्रमांक, तपासणीचे आकडे, तपासणाऱ्याची सही आणि त्या प्रयोगशाळेचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणाशी जोडलेले असल्याचा पुरावा, ही साखळी अखंड असली पाहिजे. मात्र दाखलाही बनावट असू शकतो. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनएअरचे विमान बनावट बोल्टांपायी समुद्रात पडले आणि त्यातील पंचावन्नही माणसे मरण पावली. आणि २०२३ साली लंडनच्या एओजी टेक्निक्स या पेढीने इंजिनांचे सुटे भाग खोट्या कागदपत्रांनिशी विकल्याचे उघडकीस येऊन अनेक देशांतील विमान कंपन्यांना आपली इंजिने धुंडाळावी लागली. तेव्हा दाखला पाहून न थांबता तो देणाऱ्याकडे विचारणा करणे, हेही खरेदीदाराचे कर्तव्य होय.

या प्रश्नाला आपल्या प्रदेशापुरती आणखी एक बाजू आहे. बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यान, महामार्गालगत हत्तरगी येथे एकस या कंपनीच्या औद्योगिक वसाहतीत आज एअरबस आणि बोइंग यांच्या विमानांसाठी भाग घडवले जातात. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांनी आणि लेथांवर वाढलेल्या हातांनी या प्रदेशाला धातूची जी जाण दिली, तिचेच हे पुढचे पाऊल आहे. तूलूज अथवा सिॲटल येथील अभियंत्याच्या दृष्टीने आपला भाग म्हणजे दूरच्या देशातून कमी खर्चात आलेला मालच आहे. त्याने तो देश पाहून नाकारू नये आणि किंमत पाहून स्वीकारूही नये. मोजून, तपासून, नोंदींची साखळी पाहून मगच निर्णय द्यावा, अशी आपली न्याय्य अपेक्षा असते. हाच न्याय आपण परदेशी काट्यालाही लावला पाहिजे. स्वस्त म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि महाग म्हणून खरा ठरत नाही. ज्याने पूर्ण कक्षेत, चढउतारात आणि मुदतीमागून मुदतीत आपली साक्ष सिद्ध केली आहे, तोच विश्वासास पात्र, आणि ज्याची अशी परीक्षा झालेली नाही, तो कितीही अल्प किमतीत मिळाला तरी विमानात बसवण्याच्या लायकीचा नव्हे.