उतारावरची ऊब

वसई–दिवा मार्गावर कामण रोडला उतरायचं, देवकुंडी गाठायची की समोर कामणदुर्ग. उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास. चढताना हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे वर चारेक अंशांचा गारठा जास्त हवा. पण जानेवारीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हा हिशेब चक्क उलटू शकतो. खाली ओढ्याकाठी झोपलेला कुडकुडतो आणि वर सोंडेवरच्या सपाटीवर कॅरीमॅट टाकलेला खुशाल घोरतो!

सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. तिला टेकलेली हवा गार होते, म्हणून जड होते, आणि घळीघळीतून खाली ओघळत खोलगट जागी साचते. शाळेत पाठ केलेले पर्वतीय वारे ते हेच. ढग आले किंवा वारा सुटला की सगळा खेळ मोडतो.

रेंज ट्रेक करणारे सहसा छप्पर शोधतात: गावातलं मारुतीचं देऊळ, शाळेची पडवी, हरिश्चंद्रगडावरची लेणी. अमेरिकेतल्या साडेतीन हजार किलोमीटरच्या अपलाचियन ट्रेलवर तर वाटेत तीन भिंतींचे अडीचशेहून अधिक निवारे आहेत. छप्पर सोडलं की मात्र जागेची पारख हीच खरी गोधडी. (तुंगारेश्वर अभयारण्याच्या हद्दीत ही हौस वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नये, बिबट्या तिथला जुना रहिवासी आहे.)

झाडाखाली झोपलेल्याचं अंथरूण कोरडं आणि चार पावलांवर उघड्या गवतातल्याचं चिंब, हेही त्यातलंच. विल्यम वेल्स नावाच्या डॉक्टरांनी लोकरीचे पुंजके रात्रभर बाहेर ठेवून सकाळी तोलले, काही फळीच्या वर, काही फळीखाली. वरचे कितीतरी जड भरले. मोकळं आकाश ‘दिसणारी’ वस्तू हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर बाष्प जमतं, हे त्यांनी 1814 साली मांडलं. झाडाचा पर्णसंभार फळीचंच काम करतो.

आणि सकाळी तंबू आतून ओला दिसला, तर कापडाला दोष देण्याआधी थांबा. रात्रभरात एक माणूस श्वासावाटे अर्धा पेला तरी पाणी बाहेर टाकतो. दोघे झोपले असाल आणि खिडक्या घट्ट लावल्या असतील, तर उरलेलं गणित सोपं आहे.