नमुन्याआधीची पारख

फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूंमुळे होणारा श्वसनमार्गाचा संसर्ग महाराष्ट्रात मुख्यतः पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस बळावतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला, तेव्हा नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या; परंतु ताप आलेल्या प्रत्येकाच्या घशातील स्राव तपासणे आवश्यक नसते, आणि कोणाचा तपासायचा हे ठरवणे हीच या कामाची पहिली पायरी असते.

त्यासाठी रुग्णांचे तीन वर्ग केले जातात. सौम्य ताप, खोकला व अंगदुखी असणारा ‘अ’ वर्गातील रुग्ण घरी विश्रांती घेतो. तीव्र ताप व घसादुखी असणारे, तसेच गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेह किंवा हृदयविकार असणारे ‘ब’ वर्गात येतात व त्यांना वैद्यकीय सल्ल्याने, चाचणीविना, ऑसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध देता येते. धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीत रक्त किंवा नखे निळसर पडणे ही ‘क’ वर्गाची लक्षणे असून अशा रुग्णाला दाखल करून नमुना घेतला जातो. अहवालाची वाट न पाहता औषधही सुरू होते, कारण लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत दिल्यास ते अधिक परिणामकारक ठरते.

नमुन्यासाठी कृत्रिम तंतूंचा बोळा असलेली प्लॅस्टिकची काडी वापरतात, कारण लाकडी काडीतील द्रव्ये चाचणीत अडथळा आणू शकतात. टॉन्सिल व घशाची मागील भिंत घासून, जिभेला स्पर्श न होऊ देता बाहेर काढलेली ही काडी विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या कुपीत मोडून ठेवली जाते आणि कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, तिहेरी वेष्टनातून प्रयोगशाळेत पोहोचते. तेथील आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवून त्याच्या असंख्य प्रती काढतात, ज्यामुळे अत्यल्प विषाणूही ओळखता येतो.

प्रतिबंधाचा मुख्य उपाय लस हाच असून, विषाणू सतत बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागत असल्याने पावसाळ्यापूर्वीच ती घेणे इष्ट ठरते. आजारी व्यक्तीने घरी थांबणे, मुखपट्टी वापरणे आणि हात धुणे यांनी प्रसार मंदावतो.

प्रयोगशाळेतील चाचणीचे यंत्र मात्र काडीला लागलेल्या स्रावापुरतेच उत्तर देते; नमुना उशिरा किंवा वरवर घेतला गेला असल्यास विषाणू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो, त्यामुळे अहवाल हाती आल्यावरही रुग्णाचा श्वास मोजणे थांबवता येत नाही.