आजीची अर्धी गोधडी आणि उरलेले २० मीटर

मे महिन्यात हातखंब्याला घरी गेलो की माळ्यावरच्या ट्रंका उतरवून कपडे उन्हात टाकणं हे माझं ठरलेलं काम. यंदा एका ट्रंकेच्या तळाशी गोधडी निघाली, अर्धवट. चारी बाजूंनी शिवत आणलेली, मधे मोकळी, आणि जिथे टाके थांबले तिथे सुई तशीच टोचलेली. आजीने ती साधारण १० वर्षांपूर्वी सोडली होती. का सोडली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं: तिचे डोळे. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर परत आली, गोधडी मात्र माळ्यावरच राहिली.

मी ठरवलं की मृगाच्या आधी ही पुरी करायची, आजी स्वतः पांघरेल तेव्हा. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची सोय नव्हती.

हे इथे लिहितोय कारण संशोधनात येणाऱ्या बहुतेकांना कोरं काम मिळत नाही. गाईड म्हणतात, 'तो सीनियर अर्ध्यावर सोडून गेलाय, तू पुढे ने.' हातात येतं एक फोल्डर, दोन-तीन बाटल्या, आणि सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट की हे काम का थांबलं. मला पहिल्या वर्षी असंच काम मिळालं होतं आणि मी ती गोष्ट न तपासता सात महिने घालवले. गोधडीत तीच चूक परत करता करता वाचलो.

पहिला प्रश्न: किती उरलंय? आमच्याकडची गोधडी कडेपासून आत शिवत जातात. धावदोऱ्याची ओळ चारी बाजूंनी फिरते, मग बोटभर आत दुसरी ओळ, तशी मध्यापर्यंत. पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, ती पण अशीच कडेकडून आत जाते. ही गोधडी १८० सेंमी लांब आणि १२० सेंमी रुंद, दोन ओळींमधलं अंतर सरासरी २ सेंमी. मध्यापर्यंत ३० फेरे होतात. आजीचे २० झाले होते. म्हणजे दोन-तृतीयांश काम झालं, असं वाटेल.

पण बाहेरचे फेरे लांब असतात आणि आतले आखूड. एकूण शिवणीची लांबी काढायची सोपी युक्ती आहे: क्षेत्रफळाला ओळींमधल्या अंतराने भागा. १८० गुणिले १२० म्हणजे २१,६०० चौरस सेंमी, भागिले २, म्हणजे १०,८०० सेंमी. पूर्ण गोधडीत १०८ मीटर शिवण! २० फेऱ्यांनी चारी बाजूंनी ४० सेंमी खाल्ले, आत उरलं १०० बाय ४०, म्हणजे २० मीटर. ८८ मीटर आजीने आधीच घातले होते, ८१ टक्के. फेरे मोजले तर तिसरा हिस्सा उरलाय, लांबी मोजली तर पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. काम कुठल्या एककात मोजायचं हे आधी ठरवा; चुकीच्या एककाने माणूस उगीच घाबरतो, नाहीतर उगीच निर्धास्त होतो.

आता वेळ. टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून ८ मिलिमीटर धरले तर २० मीटरला २,५०० टाके. मिनिटाला १० टाके जमले तर २५० मिनिटं, चार तासांच्या थोडं वर. आईला सांगून टाकलं, दोन संध्याकाळी लागतील. आई काही बोलली नाही, नुसती हसली.

लागल्या ११. या चुकीला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ती मांडली. आपण तिला नियोजनाचा भ्रम म्हणू. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी ती चक्क थीसिस लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवर तपासली. विद्यार्थ्यांना वाटलं होतं सरासरी ३३.९ दिवस लागतील, लागले ५५.५. आणखी गंमत म्हणजे, 'सगळं बिघडलं तर किती लागतील?' याचं त्यांनी दिलेलं उत्तरही सरासरी ४८.६ दिवस होतं. म्हणजे वाईटात वाईट कल्पनासुद्धा कमी पडली. आपण काम डोळ्यांसमोर आणतो तेव्हा फक्त ते काम आणतो. सुईत दोरा ओवणं, गाठ सोडवणं, मधेच तिठ्यावर भाजी आणायला जाणं हे त्या चित्रात नसतं. माझ्या २५० मिनिटांत तर पहिले तीन दिवस नव्हतेच, कारण त्या तीन दिवसांत एकही नवा टाका पडला नाही.

त्यातला पहिला दिवस त्या टोचलेल्या सुईने खाल्ला. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि कापूस दमट हवेतलं पाणी धरून ठेवतो. ६५ टक्के आर्द्रतेला कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के. पावसाळ्यात आमची आर्द्रता याहून कितीतरी वर असते. वापरून मुलामा झिजलेली पोलादी सुई अशा कापडात वर्षानुवर्षं राहिली तर गंजणारच. गंजाचा डाग पडतो एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण लोहाचे आयन सेल्युलोजच्या ऑक्सिडेशनला उत्प्रेरक ठरतात, लांब साखळ्या तुटतात आणि कापड जागच्या जागी कुजतं. सुई काढायला गेलो तर तिच्याभोवतीचा रुपयाएवढा तपकिरी तुकडा बोटाने दाबताच फाटला. लिंबू आणि मीठ लावून डाग जातो खरा, कारण सायट्रिक आम्ल लोहाला बांधून विरघळवतं, पण तुटलेल्या साखळ्या त्याने जोडल्या जात नाहीत. शिवाय आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर तेच कापड खातं. मी डागाच्या नादी लागलो नाही, वरून ठिगळ लावलं.

(अर्ध्यावर काम सोडताना सुई काढून ठेवा. संगणकावरच्या कामात सुई कुठली, ते ज्याने त्याने ओळखावं. माझ्याकडे 'फायनल', 'फायनल २' आणि 'हेच खरं फायनल' अशा तीन फाईली होत्या.)

दुसरा दिवस दोऱ्यात गेला. दुकानदाराने जाड पॉलिएस्टरचा दोरा पुढे केला, 'जन्मभर तुटणार नाही' म्हणून. नेमकं तेच नको होतं. जुन्या, विरलेल्या लुगड्यावर ताण आला की दोरा किंवा कापड, यातलं जे कमजोर ते आधी जातं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड चिरलं तर गेलं. म्हणून दोरा कापडापेक्षा थोडा कच्चाच हवा. सुती दोरा घेतला आणि मेण लावून वापरला.

तिसऱ्या दिवशी मी जे केलं ते बघून घरच्यांनी कपाळाला हात लावला. पट्टी घेऊन आजीचे टाके मोजले. आजीने नोंदी ठेवल्या नव्हत्या, पण टाके याच नोंदी. बाहेरच्या फेऱ्यांत १० टाक्यांची लांबी ७० मिलिमीटरच्या आसपास, अगदी एकसारखी. चौदाव्या फेऱ्यापासून सरासरी वाढत ८० पर्यंत गेलेली. म्हटलं, हा बघा डोळे अधू होत गेल्याचा पुरावा! नजर कमी, टाके मोठे. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, आणि आता तिला आकड्यांचा आधार.

आजीला आकडे दाखवले. ती म्हणाली, "डोळ्यांचं काय घेऊन बसलास मेल्या, सुई शिरत नव्हती."

इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. टाके मोठे होण्याची दोन कारणं समोर आली: नजर आणि जाडी. सरासरी दोन्हींशी जुळते, म्हणजे सरासरीने काहीच सिद्ध होत नाही. मग दोन्ही कारणं कुठे वेगळा अंदाज सांगतात ते शोधावं लागतं. गोधडीची रचनाच ते करून देते. प्रत्येक फेरा चारी बाजूंनी जातो. नजर काळानुसार कमी झाली असेल तर चौदाव्या फेऱ्याच्या चारी बाजूंना टाके सारखेच वाढायला हवेत, कारण चारी बाजू त्याच दोन-चार दिवसांत शिवल्या गेल्या. जाडी कारण असेल तर वाढ एकाच बाजूला दिसेल, आणि इतर तीन बाजू हा आपला आयता कंट्रोल.

परत मोजलं, या वेळी बाजूवार. तीन बाजूंना १० टाके ७० मिलिमीटर, पहिल्या फेऱ्यापासून विसाव्यापर्यंत. चौथ्या बाजूला ११०. चारींची सरासरी ८०. डोळ्यांवर मी उगीच आळ घेतला होता. डेटा पहिल्यापासून हातात होता. मीच चार बाजू एकत्र करून त्यातली खूण पुसली होती.

चौथ्या बाजूला, वरच्या धोतराच्या थराखाली हात घातला तर आजोबांची पँट निघाली. राखाडी, टेरिकॉटची, एक पाय शिवणीसकट दुहेरी घातलेला. त्याचा थोडा भाग सात फेऱ्यांत शिवला गेला होता, बाकीचा मधल्या मोकळ्या जागेत. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण, वीण घट्ट. दुहेरी कापड, त्यात जाड शिवण, वर-खाली लुगडी आणि धोतर. सुई वाकणारच.

पाठ्यपुस्तकी उत्तर असं की तो तुकडा कापून टाकावा. फक्त सुईचा प्रश्न नाही. पॉलिएस्टर त्याच ६५ टक्के आर्द्रतेला जेमतेम ०.४ टक्के पाणी घेतं. धुतल्यावर सुती थर आटतील, टेरिकॉट जवळजवळ तसंच राहील, आणि मधे फुगवटा येईल. त्यात कडेकडून आत शिवताना प्रत्येक फेऱ्यात थोडं ढिलं कापड मधे ढकललं जातंच. सगळी चूक मध्याला जमा. मी कात्री घेतली.

"कापू नको," आजी म्हणाली. "शिवण उसव आणि एकेरी पसर."

इतकं सोपं होतं. उसवल्यावर जाडी निम्मी झाली, सुई सरळ शिरली. मी विचारलं, हे माहीत होतं तर तेव्हाच का नाही केलंस? ती शेंगा सोलत होती. "तेव्हा उसवायला हात होईना," एवढंच म्हणाली. आजोबा त्याच वर्षी गेले होते.

ते मी कुठल्या तक्त्यात घालणार? पण एक समजलं. काम का थांबलं हे ज्याने थांबवलं त्याला विचारायला मला १० वर्षं आणि एक पट्टी लागली, आणि तो माणूस सगळा वेळ त्याच घरात ओटीवर बसलेला होता. तुमचा सीनियर फोनवर मिळत असेल तर आज फोन करा. तो सांगेल ते उत्तर पेपरात छापण्यासारखं नसेलही.

पुढचे आठ दिवस शिवण. टेरिकॉटच्या भागावर ओळी २ ऐवजी ४ सेंमी अंतराने घातल्या, म्हणजे आतल्या कापडाला थोडं सरकायला जागा राहील. रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात, तसं. माझे टाके वाकडे आहेत आणि तिच्या विसाव्या फेऱ्यानंतर माझा एकविसावा कुठे सुरू होतो हे लांबूनही कळतं. मृग ७ जूनला लागतो, शेवटची गाठ ९ जूनला पडली, बाहेर पाऊस धो धो.

आजीने हात फिरवला, मधे थांबली. "फुगलंय जरा." फुगलंय. किती ते पाऊस उघडल्यावर पहिल्यांदा धुतल्यावरच कळेल. शिवण ओढली गेल्याने गोधडी आताच १७६ बाय ११८ भरते, फुगवटा सपाट जमिनीवर ११ मिलिमीटर. तारीख घालून वहीत लिहून ठेवलंय, आणि वही ट्रंकेत गोधडीच्या जागी ठेवली आहे.