मुक्कामी गाडी

एस.टी.मध्ये 'मुक्कामी गाडी' म्हणून एक प्रकार असतो. संध्याकाळी ती आगारातून सुटते, आडवळणाच्या शेवटच्या गावी जाते आणि रात्रभर तिथेच उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, समाजमंदिरात नाहीतर गाडीतल्याच बाकावर अंग टाकतात आणि भल्या पहाटे शाळकरी पोरे, दूधवाले आणि तालुक्याला निघालेली बायामाणसे घेऊन परत फिरतात. माझे बाबा उमरखेड आगारात कंडक्टर. लहानपणी ते घरी दिसले नाहीत की आई एवढेच सांगायची, "मुक्कामी हायेत." सप्टेंबर २०२१ मध्ये मी इंग्लंडला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी फाटकातूनच विचारले, "पोरगी कुठं चालली?" बाबांनी बॅगेचा पट्टा आवळत उत्तर दिले, "मुक्कामी. वर्षभराच्या."

सार्वजनिक आरोग्य या विषयात एक वर्षाची मास्टर्स करायला मी लीड्सला चालले होते. बी.एस्सी. उमरखेडला, एम.एस.डब्ल्यू. यवतमाळला, त्यानंतर दोन वर्षे खेड्यापाड्यांतून आरोग्याचे काम. शिक्षण मराठी माध्यमातले. विद्यापीठाने फीचा काही भाग माफ केला होता, बाकीचे कर्ज. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज घ्यायचे म्हणजे तारण लागते. आमच्याकडे तारण ठेवण्याजोगे एकच होते, राहते घर. त्या काळी लंडनबाहेर शिकणाऱ्याला व्हिसासाठी फीशिवाय महिन्याला १०२३ पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांचा खर्च बँकेत दाखवावा लागे, आणि तो सलग २८ दिवस खात्यात पडून राहायला हवा. (नंतर ही रक्कम आणखी वाढली.) पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सव्वानऊ लाखांहून जास्त रुपये महिनाभर नुसते बघत बसायचे! बाबा रोज संध्याकाळी कॅलेंडरवर एक दिवस खोडत. रोख घेऊन उतरणाऱ्या कंडक्टरची सवय ती. हिशेब लागेपर्यंत झोप नाही.

उमरखेडहून पैनगंगा ओलांडून हदगावमार्गे नांदेड, नांदेडहून रेल्वेने मुंबई आणि मग विमान. आईने जवसाची चटणी, तिळाची चटणी, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि ज्वारीचे पीठ बांधून दिले होते. या सामानाने पुढे मला वाचवले. कारण लीड्समध्ये पाय ठेवताच मी कोंडले गेले.

कोरोनाचे दिवस होते. भारतात घेतलेल्या माझ्या दोन्ही डोसांना तिथे अजून मान्यता नव्हती (ती ११ ऑक्टोबरला मिळाली), त्यामुळे दहा दिवस विलगीकरण. वसतिगृहातली एक खोली, एक खिडकी, खिडकीतून दिसणारी लाल विटांची भिंत. दुसऱ्या आणि आठव्या दिवसाची तपासणी नाकात स्वतःच काडी घालून पोस्टाने पाठवायची. मी खोलीतच आहे ना, हे विचारायला सरकारी माणसाचा फोन यायचा. लोक त्या फोनला वैतागत. मी त्याची वाट पाहायचे. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्याचे निम्मे बोलणे मला कळत नव्हते.

त्या कोंडलेल्या दिवसांतलीच २८ सप्टेंबरची पहाट. जाग आली तेव्हा फोनवर चाळीस-पन्नास निरोप होते. पहिलाच व्हिडिओ उघडला. दुथडी वाहणारा नाला, काठावर आरडाओरडा, आणि पाण्यात आडवी होत चाललेली आपली एस.टी. नांदेडहून नागपूरला निघालेली बस उमरखेडजवळच्या दहागावच्या नाल्यावर पुरात वाहून गेली होती. माणसे गेली. ती गाडी आमच्या आगाराची नव्हती, हे मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच माहीत होते की बाबा ड्युटीवर आहेत आणि त्यांचा फोन लागत नाही. आईचाही लागत नव्हता. बाहेर पडायला मनाई. बाहेर पडून जायचे तरी कुठे? खाटेवर बसून मी एकच नंबर किती वेळा फिरवला ते सांगता येणार नाही. पावणेदोन तासांनी काकूंच्या फोनवरून आईचा आवाज आला. बाबा मुक्कामी गाडीवर होते. त्यांच्याही वाटेवरच्या नाल्याला पाणी चढले होते. गाडी अलीकडेच थांबवली होती आणि तिथे फोनला रेंज नव्हती.

रात्री बाबा स्वतः बोलले. "सगळं बेस हाय. तू जेवली का?" मीही म्हणाले, "जेवले. इथंही सगळं बेस आहे." दोन्ही बाजूंनी खोटे बोलण्याची सुरुवात त्या दिवशी झाली असावी.

बाहेरची मोकळीक मिळाल्यावर शिकायच्या गोष्टी अगदी साध्या निघाल्या. खोलीचे भाडे आठवड्याच्या हिशेबाने सांगतात; ते महिन्याचे समजून पहिल्यांदा मला फार स्वस्त वाटले होते. दुकानदारीण "ऑल राइट, लव्ह?" म्हणाली की तिला आपली तब्येत सांगत बसायचे नसते, तो नुसता रामराम. आणि यॉर्कशरमध्ये 'टी' म्हणजे कित्येक घरांत रात्रीचे जेवण! वर्गातल्या मुलीने विचारले, "आज टीला काय?" मी म्हणाले, "दूध आणि साखर." ती दिवसभर काळजीने माझ्याकडे बघत होती.

फोडणीची गोष्ट तर आमच्या मजल्यावर वर्षभर गाजली. रात्री नऊच्या सुमारास पिठल्यासाठी तेलात मोहरी-मिरची टाकली आणि छतावरचा भोंगा किंचाळू लागला. नियमाप्रमाणे अख्खी इमारत रिकामी. पायजम्यातली, ओल्या केसांची, चादरी गुंडाळलेली शेकडो मुले हिरवळीवर थंडीत उभी आणि त्यांच्यात हातात झारा घेतलेली मी. एका नायजेरियन मुलाने हळूच विचारले, "मिरची होती का?" त्याच्याही हातून मागच्याच आठवड्यात हेच झाले होते. माझी तिथली पहिली खरी ओळख ही. खिडकी उघडायची, दार घट्ट लावायचे, पंखा सुरू करायचा आणि मगच मोहरी टाकायची, हे शास्त्र त्याने मला शिकवले. शनिवारी आम्ही कर्कगेट मार्केटला भाजी आणायला जाऊ लागलो. मार्क्स अँड स्पेन्सर या बड्या कंपनीची सुरुवात १८८४ मध्ये याच बाजारातल्या एका पेनीच्या दुकानातून झाली. मला त्याहून अप्रूप तिथल्या मेथीच्या जुडीचे.

बसचे वर्णन मात्र बाबांना रोज हवे असायचे. कंडक्टर नाहीच म्हणतेस? मग सुट्टे कोण देते? मी सांगायचे, ड्रायव्हरच तिकीट देतो, बहुतेक लोक कार्ड टेकवतात, आणि उतरताना जवळजवळ प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतो. यावर बाबा बराच वेळ गप्प राहिले. "रोज?" "रोज." "म्हातारी माणसंही?" "सगळी." दुसऱ्या दिवशी हे आगारभर झाले होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतात. आपल्याशी साडेचार तासांचा फरक साडेपाचांवर जातो आणि अंधार एकदम अंगावर येतो. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. त्याच सुमारास इकडे एस.टी.चा संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण करा, ही मागणी. दिवाळीत गाड्या बंद. ४ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन मी टेबलावर मेणबत्ती लावून केले. दुसऱ्या दिवशी रात्री शहरभर फटाके उडू लागले. ते ५ नोव्हेंबरच्या त्यांच्या 'बॉनफायर नाइट'चे होते, पण डोळे मिटून ऐकले तर उमरखेडचेच. मी बराच वेळ डोळे मिटून ठेवले.

संपात पगार नसतो, हे कंडक्टरच्या घरात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. तरी विचारले की उत्तर एकच, "बेस हाय. आगारापुढं मंडपात बसतो, भजनं म्हणतो." बातम्यांत संपकऱ्यांच्या आत्महत्या येत होत्या. मी त्या वाचायचे आणि बाबांना विचारायचे, आज जेवणाला काय होते. तेही मला तेच विचारायचे.

मी काय लपवत होते? एक तर काम. विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येते. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात मी चादरी धुऊन घड्या घालत होते. तासाला ८ पौंड ९१ पेन्स, त्या वर्षीचे किमान वेतन. दुसरे, अभ्यास. तिथे ५० ला पास, ६० म्हणजे चांगले, ७० म्हणजे उत्तम. आपल्याकडे ८२ टक्क्यांवर पेढे वाटलेल्या मुलीला जानेवारीत पहिल्या निबंधाला ४६ मिळाले. खाली शेरा होता: सगळ्यांची मते आहेत, तुमचे कुठे आहे? मी तो पुन्हा पुन्हा वाचला. माझे मत कुणी मागितलेच नव्हते आजवर! गाइडमधले उत्तर जितके तंतोतंत, तितके गुण, याच शिस्तीत मी वाढले. शिक्षकांना नावाने हाक मारायची तर जीभ रेटत नव्हती. 'तुमचे चुकते' असे कागदावर कसे लिहायचे?

उमरखेडच्या शाळेत २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुखांची जयंती व्हायची. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा शेतकऱ्याचा मुलगा शंभर वर्षांपूर्वी विलायतेला गेला, एडिंबरो आणि ऑक्सफर्ड गाजवून आला आणि पुढे देशाचा कृषिमंत्री झाला, असे भाषण मी तीन वर्षे केले होते. त्यात पापळ ते ऑक्सफर्ड हे अंतर एका वाक्यात संपायचे. त्या जानेवारीत मला फार वाटले की मधले कुणीतरी सांगायला हवे होते. पहिल्या थंडीत काय पांघरले? इंग्रजी कळले नाही तेव्हा काय केले? घरून पत्र यायला कित्येक आठवडे लागत, त्या आठवड्यांत काय?

एका रविवारी रात्री, तिकडे मध्यरात्र उलटून गेली असताना, मी फोन केला आणि म्हणाले, "बाबा, मी परत येते." कारण विचारले. सांगितले: ४६, चादरी, कर्ज, सगळे. पलीकडे शांतता. मग, "पासिंग किती?"

"पन्नास."

"अन् पुन्हा लिहू देतात?"

"देतात. पण कितीही चांगलं लिहिलं तरी पन्नासच मिळतात."

"मंग? चार मार्कासाठी कोणी गाडी सोडून उतरते काय व माय?"

आणि मग त्यांनी त्यांचे सांगितले. त्या वर्षी कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, व्यापाऱ्यांकडे रीघ होती. बाबा डिसेंबरपासून एकाच्या काट्यावर वजने लिहायला जात होते. आकडेमोड पक्की म्हणून त्यांना ठेवले होते. किराणा उधारीवर होता. आईच्या पाटल्या गहाण होत्या. मी नोव्हेंबरात पाठवलेले दोनशे पौंड त्यांनी मोडलेच नव्हते. "तुह्या पैशानं घर चालवायला तुला धाडलं का?" हे सांगताना त्यांचा आवाज चढला. रागावले ते पहिल्यांदाच. मलाही राग आला. आम्ही फोनवर चांगलेच भांडलो. मधूनच आईने फोन घेऊन दोघांनाही झोपायला सांगितले.

त्यानंतर दर रविवारी आम्ही हिशेब मांडू लागलो. इकडे किती आले, तिकडे किती गेले. फार वेळ लागत नसे, कारण येणे थोडेच होते. धुलाईघराचे दोन पाळ्यांचे काम मी एका पाळीवर आणले. निबंध पुन्हा लिहिला. विषय होता गरोदर स्त्रियांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचण्याचा. पुस्तकातले अंतर किलोमीटरमध्ये होते. मी लिहिले की आमच्या भागात अंतर मुक्कामी गाडीच्या वेळेत मोजतात: पहाटेची गाडी चुकली तर तालुक्याचा दवाखाना त्या दिवशी नाही. संपाच्या महिन्यांत तर ती गाडीच नव्हती. गुण ठरल्याप्रमाणे पन्नासच मिळाले. पण शेरा दीड पान होता, आणि माझा प्रबंध पुढे याच प्रश्नावर झाला.

एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने कामगारांना २२ तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितले. साडेपाच महिन्यांनी बाबा गाडीवर चढले. विलीनीकरण झाले नाही. ते यावर फार बोलत नाहीत. पहिला पगार झाला त्या रविवारी मी लंडनला गेले होते. किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर बघायला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये घेतले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले होते. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. अर्धवट सोडून परत येणे आणि पुन्हा जाणे, यातली वर्षे भाषणांत कुणी मोजत नाही. मी दारातून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी गणवेशातच, उभ्या उभ्या हात जोडले.

आता मी यवतमाळ जिल्ह्यातच काम करते. कर्जाचे हप्ते चालू आहेत, पाटल्या सुटल्या आहेत. परदेशी जाऊ बघणारी मुले-मुली भेटायला येतात आणि हमखास विचारतात, कोट कोणता घ्यावा? मी सांगते, कोट तिथेच घ्या, इथल्या कोटाने तिथली थंडी भागत नाही. ज्वारीचे पीठ मात्र न्या. मग त्यांच्याबरोबर आलेल्या वडिलांना बाजूला घेऊन पगार किती, तारण काय, हे विचारते. काहींना ते आवडत नाही.

परतले तेव्हा नांदेडहून उमरखेडची एस.टी. धरली होती. पैनगंगेचा पूल ओलांडला, स्टँड आले. वर्षभराची सवय, उतरताना दारातल्या कंडक्टरला मी आपसूक म्हणाले, "थँक्यू, दादा."

तो गोंधळला. पिशवीत हात घालत म्हणाला, "सुट्टे राहिले का, ताई?"