पोट उघडण्याआधी

“पोट उघडलं आणि तसंच शिवलं.” स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडच्या कितीतरी घरांत एके काळी एवढंच ऐकायला मिळायचं. कावीळ झालेला साठीतला माणूस टेबलावर घेतला जायचा. सर्जनचा हात गाठीपर्यंत पोचायचा आणि गाठ आतड्यांच्या मुख्य धमनीला वेढून बसलेली आहे, हे तिथे, त्या क्षणी कळायचं. मग पित्ताला दुसरी वाट करून देऊन पोट बंद करायचं. ज्याच्या हाती मोजकेच महिने उरलेत, त्याचे काही आठवडे टाके भरून यायची वाट बघण्यात जायचे. गाठ निघेल की नाही हा निर्णय टेबलावरून सीटी स्कॅनच्या खोलीत कसा आला, त्याचा हा मागोवा आहे. या आजारातली मोठी कमाई मला तीच वाटते. आयुष्य फार वाढवणारे उपचार अजून थोडेच आहेत, पण निष्फळ चिरा वाचवणं जमू लागलं आहे.

हार्बर लाइनवर खारघरला उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘टाटा’ म्हटलं, तरी तो सेक्टर २२ मधल्या कॅन्सर केंद्राकडे वळतो. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथे पॅथॉलॉजी पाहत, आणि १९५२ साली सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. हे केंद्र २००२ मध्ये खारघरला आलं, ‘ॲक्ट्रेक’ झालं, आणि आज परळ व खारघर ही एकाच टाटा मेमोरियल सेंटरची दोन ठिकाणं आहेत. परळला पहिले रुग्ण येऊ लागले, तेव्हा ॲलन व्हिपल यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याची शस्त्रक्रिया मांडून जेमतेम सहा वर्षं झाली होती. शस्त्रक्रिया होती, कोणावर करायची हे आधी सांगणारं काही नव्हतं. पोटाचा साधा एक्स-रे स्वादुपिंड दाखवतच नाही. जठराच्या मागे, मणक्याला टेकून, आडवा पडलेला हा अवयव हातालाही लागत नाही.

गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनमध्ये झाला, तोही मेंदूचा. १९७९ मध्ये त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं, तोवर पोटाचे स्कॅन होऊ लागले होते. मात्र एकेका कापाला इतका वेळ लागे, की श्वासाबरोबर हलणारं पोट धूसर उमटे. गाठ आहे एवढं समजायचं, ती कशाला चिकटली आहे ते नाही. म्हणून धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करायची, आणि तरीही शेवटी पोट उघडून बघायचं. १९८९ मध्ये स्पायरल सीटी आलं, १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं आली, २००४ च्या आसपास चौसष्ट काप घेणारी. आता एका श्वासात सगळं पोट, मिलिमीटरहून पातळ कापांत.

यंत्रांची ही प्रगती सगळेच सांगतात. माझ्या मते खरं वळण घड्याळात आहे. स्वादुपिंडाच्या गाठीत तंतुमय ऊती फार आणि रक्त कमी. शिरेतून आयोडिनचं औषध वेगाने सोडलं (अंगात एकदम ऊब पसरते, ती रुग्णाला घाबरवते, पण ती अपेक्षितच असते) की चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ काळपट राहते. त्याच वेळी धमन्याही स्वच्छ दिसतात. सत्तर सेकंदांच्या सुमाराला यकृत आणि पोर्टल शीर नीट भरते. यकृतातले छोटे डाग तेव्हा शोधायचे. म्हणजे दोन वेळा, दोन वेगळ्या प्रश्नांसाठी स्कॅन. पोटदुखीसाठी सरसकट काढतात तो एकाच वेळेचा सीटी इथे अपुरा पडतो. त्यात गाठ आसपासच्या रंगात मिसळून जाऊ शकते. योग्य वेळ साधूनही दहातल्या साधारण एका गाठीचा रंग स्वादुपिंडासारखाच असतो. मग पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही फुगलेल्या दिसणं, एवढ्या आडवळणाच्या खुणेवरून ती ओळखावी लागते.

गाठ सापडली की पुढचा प्रश्न रक्तवाहिन्यांचा. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेव्हिड लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं माप मांडलं: गाठीने वाहिनीच्या परिघाचा अर्ध्याहून अधिक भाग वेढला असेल, तर ती सुटण्याची शक्यता फार कमी. १८० अंशांचं हे माप आजही रिपोर्टात असतं. आतड्यांना रक्त देणारी सुपीरियर मेसेंटेरिक धमनी, सीलियक धमनी, यकृताकडे जाणारी धमनी आणि पोर्टल शीर, या प्रत्येकीबद्दल वेगळं लिहावं लागतं. शीर कापून पुन्हा जोडता येते, धमनीबाबत ते धाडस फार महागात पडतं. म्हणून ‘काढता येईल’ आणि ‘काढता येणार नाही’ यांच्यामध्ये २००० नंतर ‘सीमारेषेवरची’ गाठ हा तिसरा वर्ग रुजला. अशा रुग्णाला आधी केमोथेरपी, मग पुन्हा स्कॅन. सर्जनच्या कामाची आणखी एक बाब याच चित्रांत असते. काही माणसांत यकृताची उजवी धमनी नेहमीच्या जागेऐवजी मेसेंटेरिक धमनीतून फुटते आणि स्वादुपिंडाच्या मागून जाते. आधी माहीत नसेल तर ती नकळत कापली जाऊ शकते.

टाटामध्ये हे काम संथपणे उभं राहिलं. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या गटाने २०१३ मध्ये आपल्या पाचशे व्हिपल शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, श्रीखंडे, सॅव्हिओ बार्रेटो, महेश गोयल आणि रेडिओलॉजिस्ट सुप्रीता आर्या यांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या सगळ्या चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांचा कौल बहुकापी सीटीच्या बाजूने होता: पहिली चाचणी ती, एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि एमआरआय गरजेप्रमाणे. सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एका लेखावर सही करतात, यात मला फार मोठी गोष्ट दिसते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने पोटातली शस्त्रक्रिया पाहिलेली असावी आणि सर्जनने स्वतः चित्रं वाचावीत, तेव्हाच १८० अंशांना अर्थ येतो.

महाराष्ट्रात घात बहुतेक वेळा स्कॅनच्या आधीच होतो. वेदना नसलेली कावीळ येते आणि घरचे गावच्या काविळीच्या औषधाकडे, माळेकडे वळतात. काही आठवडे तिथे जातात. मग डोळे पिवळेजर्द झाल्यावर धावपळ होते, आणि दुर्बिणीतून पित्तनलिकेत स्टेंट बसवून टाकतात. कावीळ उतरते, सगळ्यांना हायसं वाटतं, स्कॅन त्यानंतर होतो. इथे फार मोठं नुकसान होतं. स्टेंटमुळे, आणि त्याबरोबर कधी येणाऱ्या स्वादुपिंडाच्या सुजेमुळे, गाठीच्या कडा पुसट होतात. सूज कुठली आणि कॅन्सर कुठला, हे चांगल्या रेडिओलॉजिस्टलाही सांगता येत नाही. शिवाय २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत दिसलं, की शस्त्रक्रियेआधी सरसकट स्टेंट घातलेल्यांत गंभीर गुंतागुंत ७४ टक्क्यांना झाली, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ टक्क्यांना. ताप, जंतुसंसर्ग किंवा फार चढलेली कावीळ असेल, किंवा केमो आधी द्यायची असेल, तर स्टेंट लागतोच. पण ज्यांचं थांबू शकतं त्यांनी आधी स्कॅन करावा, हे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवं होतं. अजून ते नीट पोचलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या कॅन्सरने आजारी पडले आणि १७ मार्च २०१९ रोजी गेले. त्या वर्षभरात गोव्यापासून विदर्भापर्यंत ‘पॅन्क्रियाज’ हा शब्द घरोघरी पोचला. भीतीही पोचली. पण शस्त्रक्रिया होण्याजोग्या अवस्थेत सापडणारे रुग्ण अजूनही साधारण पंधरा-वीस टक्केच आहेत.

सीटीच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. यकृताच्या पृष्ठभागावरचे आणि पोटाच्या आवरणावरचे मिलिमीटरभर दाणे त्यात दिसत नाहीत. बोस्टनच्या अँड्र्यू वॉर्शॉ यांनी १९८० च्या दशकातच अशा रुग्णांत आधी लॅपरोस्कोप घालून बघायचा आग्रह धरला होता, आणि सीटी कितीही सुधारलं तरी निवडक रुग्णांत तो आग्रह आजही रास्त आहे. दुसरी मर्यादा नवीन आहे. फॉल्फिरिनॉक्स हे चार औषधांचं मिश्रण २०११ मध्ये आलं, तेव्हापासून केमोनंतर चित्र दिसतं एक आणि पोटात असतं दुसरं. कॅन्सरच्या पेशी मरतात, पण वाहिनीभोवती तंतूंचा थर तसाच राहतो आणि सीटीत तो गाठीसारखाच दिसतो. बोस्टनच्याच सर्जनांनी २०१५ मध्ये दाखवलं, की केमोनंतरच्या स्कॅनवर अजूनही वाहिनीला वेढलेल्या दिसणाऱ्या बऱ्याच गाठी प्रत्यक्षात पूर्ण निघाल्या. म्हणून आता स्कॅनसोबत रक्तातला सीए १९-९ हा कॅन्सरचा निदर्शक उतरतोय का, वजन टिकलंय का, हे पाहतात, आणि गाठ वाढलेली नसेल तर अनुभवी हात पुन्हा पोट उघडून बघतात.

खारघरला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत फिल्म असतात, सीडी असते, कधी तीन शहरांतले तीन रिपोर्ट. पुष्कळदा त्यातला एकही स्वादुपिंडासाठी काढलेला नसतो. विनंतीपत्रावर फक्त ‘सीटी ॲबडोमेन’ लिहिलेलं असतं. मग मूत्रपिंडाची तपासणी, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा खर्च, आणि पुन्हा काही दिवस. तारीख लांबली तर महिनाभराहून जुना स्कॅन सर्जन शस्त्रक्रियेसाठी धरत नाहीत, कारण तेवढ्यातही गाठ पुढे सरकलेली असू शकते. रिपोर्टसाठी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि स्वादुपिंडाच्या संघटनांनी मिळून एक नमुना ठरवला: गाठ कुठे, केवढी, प्रत्येक वाहिनीला किती अंशांत चिकटलेली, शिरेचा आकार बदललाय का, यकृतात काही आहे का. हा नमुना कागदाच्या दोन पानांत मावतो आणि त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. पनवेल असो, अलिबाग असो, लातूर असो, चौसष्ट कापांचं यंत्र आता जवळच्या शहरात असतं. विनंतीपत्रावर ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल, स्टेंटच्या आधी’ हे चार शब्द लिहिणारा डॉक्टर भेटला, तर पहिलाच स्कॅन पुरतो आणि खारघरला पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.